तेल-शेल उद्योगाचे टप्पे नेमके कशावरून ठरवावेत?

प्रश्न (प्राध्यापक, सोलापूर):
नमस्कार. आमच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील तेल-शेल (तापवल्यावर तेल देणारा खडक) उद्योगाच्या नियोजनावर अहवाल लिहायला दिला आहे. पहिला टप्पा पाच वर्षांचा, दुसरा दहा वर्षांचा, असे वेळापत्रक त्यांनी मांडले आहे. कॅलेंडर पाहून टप्पे पाडणे मला पटत नाही. पण दुसरा निकष कोणता सुचवावा?

उत्तर १ (भूशास्त्राचा जुना विद्यार्थी):
सर, आधी एक खुलासा करतो: टेक्सासातले शेल-तेल वेगळे आणि हे तेल-शेल वेगळे. टेक्सासात आडव्या विहिरी खणून, दाबाने पाणी सोडून खडक फोडतात, तेव्हा बाहेर येणारे तेल खडकात मुळातच तयार असते. त्यामुळे तिथे एकेक विहीर वाढवत जाता येते. कोलोरॅडोच्या ग्रीन रिव्हर खडकात असते ते केरोजेन, म्हणजे तेल न झालेला घन सेंद्रिय पदार्थ, आणि खडक भट्टीत सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय त्याचे तेल होत नाही. म्हणून इथे टप्पा भट्टीवरूनच ठरतो: आधी प्रायोगिक भट्टी, मग पूर्ण आकाराची एकच भट्टी, आणि ती सलग चालल्याचे सिद्ध झाल्यावरच तिच्या जोडीला आणखी भट्ट्या. युनोकल कंपनीने कोलोरॅडोतच पॅराशूट क्रीक येथे रोज १०,००० पिंप तेल काढण्याच्या क्षमतेची भट्टी उभारली. ती पूर्ण क्षमतेने सातत्याने कधीच चालली नाही आणि १९९१ मध्ये बंद झाली.

उत्तर २ (टॉवेल कारखानदार, चिंचोळी एमआयडीसी):
विषय माझा नाही, पण अनुभव ओळखीचा वाटला. प्रयोगशाळेतील वाटीएवढ्या भांड्यात जुळलेली मरून छटा मोठ्या यंत्रात घेतली, तर पहिली खेप डागाळलेली निघाली, कारण एवढ्या मालात रंग आणि उष्णता सगळीकडे सारखी पोहोचलीच नव्हती. ती खेप कमी भावात विकून मोकळे झालो. भट्टी विकून कोण मोकळे होणार?

उत्तर ३ (निवृत्त पाटबंधारे अभियंता):
पाण्याची अट पहिल्याच टप्प्यात घाला. तापवल्यावर खडकाचे आकारमान वाढते, म्हणजे काढलेला माल त्याच खड्ड्यात पूर्ण मावत नाही; उरलेल्या ढिगाची धूळ बसवायला आणि त्यावर झाडोरा वाढवायला पाणी लागते. तो भाग कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात येतो आणि त्या नदीचे पाणी राज्याराज्यांत आधीच वाटलेले आहे. उजनी भरूनही चार-पाच दिवसांआड नळाची वाट पाहिलेल्या सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

वसाहतही भट्टीच्या मागून यावी. १९८० मध्ये एक्झॉन या तेल कंपनीने कोलोरॅडोतील ‘कॉलनी’ नावाच्या तेल-शेल प्रकल्पात हिस्सा घेतला, बॅटलमेंट मेसा येथे कामगारांसाठी नगर उभे राहू लागले, आणि २ मे १९८२ रोजी कंपनीने काम थांबवल्यावर दोन हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला. नगरपालिकेने कर्ज काढण्यापूर्वी काम थांबल्यास खर्च कोणी सोसायचा, हे करारातच लिहून घ्यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. वर्षांचा रकाना खोडून ‘भट्टी सलग किती दिवस चालली’ आणि ‘पाणी कोणाच्या वाट्यातून आले’ असे दोन रकाने घालायला सांगतो. पहिल्या रकान्यात किमान किती दिवस धरावेत?

उत्तर १:
तो आकडा मुलांनाच काढू द्या, सर. मात्र दुरुस्तीसाठी भट्टी बंद राहिलेले दिवस हिशेबातून गाळू देऊ नका; तिथे सलगपणा तुटतो.