ईयोबाच्या त्याच अध्यायातले खांब

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, 26:7 मध्ये, देवाने पृथ्वी शून्यावर टांगली असं म्हटलंय; विज्ञानाच्या आधीच हे लिहिलं, म्हणून बायबल ईश्वरी, हा तुमचा मुद्दा. ओळ सुंदर आहे, वादच नाही. पण बोट जरा खाली सरकवा. चारच ओळींनंतर, 26:11 मध्ये, आकाशाचे खांब थरथरतात. पृथ्वी अधांतरी हे विज्ञान आणि खांब मात्र काव्य, हे ठरवलं कुणी? आपणच ना, आजचं विज्ञान हाताशी ठेवून! बायबलच्याच यशया या पुस्तकातल्या (40:22) पृथ्वीच्या 'वर्तुळा'चंही तेच; त्यावरून पृथ्वी गोल असल्याचं बायबलला ठाऊक होतं असं सांगतात. मूळ हिब्रू शब्द 'हूग', म्हणजे वर्तुळ किंवा घेर. त्यातून चेंडूसारखा गोल ओढूनताणूनच निघतो.

श्रद्धेला माझा विरोध नाही, धर्मग्रंथाला विज्ञानाची ही असली प्रमाणपत्रं मात्र खटकतात. महास्फोटाच्या (बिग बँग) कल्पनेचा एक जनक जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी विश्वाच्या आरंभाच्या या सिद्धांताचा संबंध बायबलमधल्या उत्पत्तीच्या कथेशी जोडला, तेव्हा नाराज झालेल्यांत खुद्द लमेत्र होता. सिद्धांत उद्या बदलला तर काय, हा साधा प्रश्न. तुमच्या ओळीलाही तो लागू पडतो.