सुगम्यता आणि सहाय्यक तंत्रज्ञान यांतील फरक
दिव्यांगांच्या सोयींविषयी बोलताना सुगम्यता आणि सहाय्यक तंत्रज्ञान हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु ते वेगळे ठेवायला हवेत असे मला मनापासून वाटते. सहाय्यक तंत्रज्ञान म्हणजे व्यक्तीच्या हाती असलेले साधन, मग ती पांढरी काठी असो, श्रवणयंत्र असो किंवा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर असो. सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येणे, हा मात्र इमारतीचा, गाडीचा किंवा संकेतस्थळाचा गुण आहे.

माझ्या एका अंध सहकाऱ्याने एका कार्यालयाचा अर्ज संगणकावर उघडला, तेव्हा स्क्रीन रीडर व्यवस्थित चालू असूनही गप्प राहिला, कारण तो अर्ज म्हणजे स्कॅन केलेल्या कागदाचे केवळ छायाचित्र होते. साधन होते, सुगम्यता नव्हती.

मुंबईत लोकलच्या फलाटांवर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीप आवाज ऐकू येतो, तो सुगम्यतेचा भाग होय. पायाला किंवा काठीला जाणवणाऱ्या पिवळ्या फरशांचेही तसेच आहे: लांबट उठावदार पट्ट्या चालण्याची दिशा दाखवतात आणि गोल उंचवटे सावध करतात. (त्यांवर सामान ठेवू नये, ही कळकळीची विनंती.)

तिसरी संज्ञा वाजवी सोयीची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिची व्याख्या आहे. विशिष्ट व्यक्तीच्या गरजेनुसार, समोरच्यावर अवाजवी भार न टाकता केलेला आवश्यक बदल, असा तिचा आशय असून परीक्षेत लेखनिक देणे हे तिचे परिचित उदाहरण आहे.