गोव्याहून लांबचा विमानप्रवास : दारापासून दारापर्यंत किती तास?

जुई_फोंडा
आज शेजारच्या मुलीने विचारले, "काकी, लंडन किती तासांवर?" आणि २००८चा पावसाळा आठवला. बाबा गेले तेव्हा ताई लंडनला. अंतर साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास, मुंबईपर्यंतचे विमान नऊ तासांचे. पण तिकीट मिळेपर्यंत, मग मुंबईत उतरून गोव्यातल्या दाबोळी विमानतळाच्या विमानाची वाट बघत तिचा दीड दिवस गेला. दारात आली आणि चप्पल न काढताच विचारले, "नेले?"
तुमचेही लिहा. घरापासून घरापर्यंत किती लागले ते सांगा.

माटोळी
जुई, वाचून गलबलले गं. आमचे हे बोटीवर, सासू गेल्या तेव्हा समुद्रातच होते. तिथे विमानाचा प्रश्नच नाही.

काणकोणकर
दुबई सव्वादोन हजार किमी, विमानात साडेतीन तास. दक्षिणेच्या काणकोणहून उत्तर गोव्यातला मोपा विमानतळ गाठायलाच अडीच तास, त्यात तीन तास आधी पोचा. दाबोळी आम्हाला बरी.

बांदा_नाका
आम्हाला उलट! ५ जानेवारी २०२३ला मोपा सुरू झाला आणि विमानतळ दारात आला. पूर्वी दाबोळीला जायचे तर मांडवी, जुवारी दोन्ही पूल ओलांडायचे. आईला पहाटे चहा देऊन निघतो आता.

सांजवारा
दुबईचे तिकीट बघून लेक म्हणाला, जाताना दोन तास, येताना पाच, असे कसे? तिकिटावर त्या त्या गावचे घड्याळ असते. दुबई आपल्या दीड तास मागे, तेवढे जाताना मिळवायचे, येताना वजा करायचे. लंडनला हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार.

रायबंदर७
घड्याळ सोडले तरी लंडनला जाताना खरोखरच जास्त वेळ लागतो. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. तासभर तरी फरक पडतो. येताना मला तो तास फार मोलाचा वाटतो, गणेशचवथीला पोचायचे असते ना.

माटोळी
चवथीवरून आठवले, लेकीला सुके खोबरे न्यायचे आहे. बॅगेत चालते का?

सांजवारा
नाही हो माटोळीताई. खोबऱ्यात तेल असते, आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून मनाई आहे. सोलां (आमसुले) द्या. तेलकट मसाला दुहेरी पिशवीत, मोठ्या बॅगेत.

बांदा_नाका
आणि खाजे! चुरा झाला तरी पोरे संपवतात.

काणकोणकर
जुईबाय, ताई मग किती दिवस राहिली?

जुई_फोंडा
बाराव्यापर्यंत. परतताना बाबांची छत्री घेऊन गेली. बॅगेत मावेना, म्हणून लंडनपर्यंत हातात धरून नेली. अजून तिच्याकडे आहे.