महामंडळ कोणाला: निष्ठावंताला की जाणकाराला?

पाटीपेन्सिल: २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर आणली. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात म्हणजे फार तर ४३ मंत्री. उरलेल्या नाराजांची महामंडळांवर वर्णी लागते. बातमीत त्याला 'पुनर्वसन' म्हणतात, जणू यांचं गाव धरणात गेलंय! एसटी, म्हाडा, सिडको ही काय सांत्वनाची बक्षिसं आहेत? अध्यक्षाला त्या विषयाचा अनुभव हवा, अशी अट कायद्यातच घाला.

सतरंजीवाला: वीस-वीस वर्षं सतरंज्या उचलणाऱ्याने मग पक्षात थांबायचं कशाला? रोजचा कारभार व्यवस्थापकीय संचालक बघतो, तो बहुधा आयएएस असतो. अध्यक्षाचं काम मंत्रालयात अडकलेली फाईल हलवायचं. तज्ज्ञाला तिथे दालनाबाहेर बसवून ठेवतात.

कोकणकडा: चिंतामणराव देशमुख १९५० मध्ये अर्थमंत्री झाले ते सतरंज्या उचलून नव्हे. आयसीएस अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. नेहरूंनी नेमलंच ना?

सतरंजीवाला: आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले! अडचणीच्या वेळी सोडून जाणारा माणूस कुठल्या नेत्याला हवा असतो?

कोकणकडा: नेत्याला नसेल, आम्हाला हवाय. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून खुर्ची सोडली त्यांनी. निष्ठावंत गप्प बसला असता.

माजघर: तुम्ही ज्यावर भांडताय ते घडतच नाही. पद ना निष्ठेला मिळतं ना लायकीला, ते मिळतं उपद्रवमूल्याला. काल दुसऱ्या पक्षातून आलेला उद्या जाईल या भीतीने त्याला आधी गाडी. सतरंजीवाला कुठे जाणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून तो अजून सतरंजीवरच.

सतरंजीवाला: ताई, वर्मावर बोट ठेवलंत. पण तज्ज्ञ नेमला म्हणून उपद्रवी आमदार गप्प बसेल का?

पाटीपेन्सिल: नाही बसणार, म्हणूनच अट हवी. "माझे हात बांधलेत" असं मुख्यमंत्र्यांना निदान सांगता तरी येईल.

सतरंजीवाला: शिर्डी संस्थानच्या कायद्यात आहे की तज्ज्ञ विश्वस्तांची अट. तरी २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाला अख्खं मंडळ रद्द करावं लागलं.

पाटीपेन्सिल: करावं लागलं, पण करता आलं ना? कायद्यात निकषच नसते तर कोर्ट काय बघून रद्द करणार होतं?