सत्तरीच्या पुढं पाच लाखांचं कार्ड मिळालं, पण महिन्याच्या गोळ्यांचं काय?

माणदेशी_मास्तर
२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत झाले. उत्पन्नाची अट नाही. निर्णय चांगलाच आहे. पण हे कार्ड चालतं ते ॲडमिट झाल्यावर. बीपी-शुगरच्या गोळ्या, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, तालुक्याला जायचं गाडीभाडं यातलं काहीच त्यात बसत नाही. डिस्चार्जनंतरची औषधंसुद्धा पंधरा दिवसांचीच. श्रावणबाळ पेन्शनचे महिन्याला दीड हजार येतात, त्यातले कितीतरी मेडिकलवाल्याकडं जातात. माझं स्पष्ट मत आहे की विम्यावर ओतला जाणारा पैसा आधी गावच्या आरोग्य उपकेंद्रात गोळ्या कायम मिळाव्यात म्हणून लागला पाहिजे.

कोरडवाहू
मास्तर, अजिबात पटलं नाही. वडिलांची बायपास राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून झाली. योजना नसती तर विहिरीकडचा एकर गेला असता. आमच्या भावकीत याआधी अशीच दोन रानं गेली, दोन्ही ऑपरेशनपायी. गोळ्या उधारीवर मिळतात हो, ऑपरेशन उधारीवर होत नाही!

माणदेशी_मास्तर
दादा, वडिलांचं ऑपरेशन झालं याचा आनंदच आहे. पण गोळ्या बंद पडल्या की बीपी वाढतं आणि एक दिवस अर्धांगवायू होतो. दवाखान्यातले आठ-दहा दिवस योजनेत निघतात. पुढं माणूस पाच-पाच वर्षं अंथरुणावर असतो. त्याचं करायला सून मजुरीला जायची थांबते, घरातली एक रोजची कमाई बंद होते. तो खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही, म्हणून त्याला विमाही नाही.

पुण्यातला_मुलगा
मुलांनी खाजगी पॉलिसी घ्यावी की. एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायची ६५ वर्षांची वयोमर्यादा निघाली, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला. सगळं सरकारवर का टाकायचं?

कोरडवाहू
हप्ता कशातून भरायचा ते सांगा. कांद्याचा दर पडला की वीजबिल थकतं. आणि आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येतं कंपनीला. सत्तरीत नवी पॉलिसी घेणाऱ्याला आधीचा आजार नसतो का?

आशाताई_वाडीवस्ती
मी रोज घरोघरी जाते म्हणून लिहिते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, बीपी-शुगरच्या गोळ्याही केंद्रात मिळतात. अडतं ते साठा संपल्यावर. "पुढच्या आठवड्यात या" म्हटलं की आजी परत येत नाही, गोळीच सोडून देते. दुसरं, कार्ड काढताना खुरपून झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही. त्यातून एकटी राहणारी विधवा असेल, रेशनकार्ड मुलाकडं मुंबईत असेल, तर साठ ते सत्तरच्या मधल्या बाईची कागदं जुळवतानाच दमछाक होते.

कोरडवाहू
ताई, हे मात्र खरं. आणि एक भर घालतो. योजनेतल्या एका दवाखान्यात आमच्याकडून तपासणीचे पैसे आधी भरून घेतले, पावती दिली नाही. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठल्यावर परत मिळाले. हे माहीत नसलेला म्हातारा काय करणार? तरीही विम्याचा पैसा कमी करा म्हणाल तर माझा विरोधच राहील. गोळ्यांसाठी वेगळा पैसा मागा.

माणदेशी_मास्तर
मागू, पण तिजोरी एकच आहे दादा, आणि दरवेळी आधी मोठ्या दवाखान्याचं बिल भागतं, उपकेंद्राची पाळी शेवटी येते. ताई, तुमच्या केंद्रात गोळ्यांचा साठा किती दिवस नव्हता याची नोंद मिळेल का? पुढच्या ग्रामसभेत मांडतो.

आशाताई_वाडीवस्ती
नोंदवही केंद्रात असते. लेखी अर्ज द्या, तोंडी मागून मिळणार नाही.