एक हजार मीटरच्या शर्यतीत टिपांवर कितपत विसंबावे?

खडकीकर (प्रश्न)

पुण्याच्या पावसाळी हंगामातील शनिवार-रविवारच्या घोड्यांच्या शर्यती मी गेली दोन वर्षे पाहत आहे. १६०० मीटर आणि त्याहून लांबच्या शर्यतींत माझा अंदाज बऱ्यापैकी जमतो; १००० मीटरला मात्र तो सपशेल फसतो. मागील रविवारी अशाच एका शर्यतीसाठी तीन ठिकाणच्या टिपा (कोण जिंकेल याचे अंदाज) पाहिल्या, तर तिघांची तीन नावे. शेवटी ज्या घोडीने गुरुवारच्या सरावात ६०० मीटर ३७ सेकंदांत काढल्याचे छापून आले होते, तिच्यावर विनला (पहिली येईल म्हणून) पाचशे रुपये लावले. सुरुवातीचे गेट उघडले तेव्हा तिचे तोंड शेजारच्या कप्प्याकडे वळलेले होते. बाकीचे घोडे चार लांबी (एक लांबी म्हणजे एका घोड्याइतके अंतर) पुढे गेल्यावर ती निघाली आणि शेवटी पाचवी आली.

हा निव्वळ नशिबाचा भाग होता, की वाचण्यात माझेच काही चुकले? टिपा बाजूला ठेवल्या तर स्प्रिंटमधला, म्हणजे छोट्या पल्ल्यातला, घोडा कसा जोखावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पॅडॉकचा_कठडा

नशीब म्हणण्यापूर्वी थोडा हिशेब करू. १००० मीटर अंतर साधारण एका मिनिटात संपते, म्हणजे घोडा सेकंदाला सोळा-सतरा मीटर धावतो. एक लांबी सुमारे २.४ मीटर धरली, तर ती कापायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. तुमची घोडी चार लांबी मागे राहिली, म्हणजे तिने अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ गमावला. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी २४०० मीटरची असते आणि ती अडीच मिनिटांच्या आसपास चालते. तिथे एवढी पिछाडी जॉकी हळूहळू, घोड्याला न दमवता भरून काढू शकतो. १००० मीटरला पुढचे घोडे श्वास घ्यायला थांबतच नाहीत, त्यामुळे तेच अंतर भरून काढताना घोडी शेवटच्या दोनशे मीटरांपूर्वीच रिकामी होते.

म्हणून या पल्ल्यात मी 'कितवी आली' हा रकाना सर्वांत शेवटी वाचतो. आधी मागच्या तीन-चार शर्यतींच्या चित्रफिती काढून फक्त पहिली पाच सेकंदे पाहतो: गेटमधून सरळ निघाली का, पहिल्या शंभर मीटरांत जॉकीला हात चालवावे लागले का, शेजारच्या घोड्याने दाबले का. एकदा उशिरा सुटणे हा अपघात असतो, चारांपैकी तीनदा उशिरा सुटणे हा स्वभाव असतो, आणि टिप देणाऱ्याच्या एका ओळीत हा फरक मावत नाही. याउलट, चांगली सुटूनही सहावी आलेली घोडी मला अधिक खटकते, कारण तिच्याकडे सांगण्यासारखी सबबच नसते.

घोड्याने पाठीवर वाहायच्या वजनाला मात्र मी इतक्या छोट्या शर्यतीत फारसे महत्त्व देत नाही. एका मिनिटात दोन किलोंनी असे काय बिघडणार?

पहाटेचे_घड्याळ

सरावाच्या वेळेबद्दल लिहितो, कारण त्या ३७ सेकंदांनी तुम्हाला फसवले असे दिसते. पहाटेच्या या वेळा बहुधा वाळूच्या ट्रॅकवरच्या असतात आणि कठड्याशी उभे राहून हातातल्या घड्याळावर घेतलेल्या असतात. घोडा धावतच येत असतो, म्हणजे सुरुवात कशी करतो हे त्या आकड्यात मुळीच नसते. पाठीवर जॉकी होता की सराव घेणारा पोरगा, त्याचे वजन किती, घोडा एकटा होता की सोबत्याबरोबर, यांतले निम्मेच छापून येते. आकड्याशेजारचा शब्द आकड्याइतकाच नीट वाचा. '६०० मीटर ३९, ईझी' (सहज धावून) आणि '६०० मीटर ३७, प्रेस्ड' (जोर लावून) यांत मी पहिल्याला पसंती देतो, कारण दुसऱ्याने आपल्याजवळचे सगळे गुरुवारीच काढून दाखवलेले असते.

याला एकच अपवाद करतो, तो पहिल्यांदाच धावणाऱ्या दोन वर्षांच्या घोड्यांचा. त्यांची मागची शर्यतच नसते, तेव्हा मॉक रेस (सरावाची लुटुपुटूची शर्यत) आणि गेटच्या सरावाच्या नोंदींशिवाय हाताशी काही नसते. तिथेही वेळेपेक्षा 'चांगला सुटला' हे दोन शब्द मला अधिक उपयोगी वाटतात.

ओली_माती

वजनाबाबत मी पॅडॉकचा_कठडा यांच्याशी सहमत नाही. पल्ला छोटा म्हणून वजन बिनमहत्त्वाचे, ही समजूत अर्धीच खरी आहे. ब्रिटिश हँडिकॅपिंगमध्ये (चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन बरोबरी साधण्याच्या पद्धतीत) पाच फर्लांगांना, म्हणजे जवळपास १००० मीटरला, एक लांबी सुमारे तीन पौंडांबरोबर धरतात, आणि हेच प्रमाण एका मैलाला दोन पौंडांपर्यंत उतरते. लांब पल्ल्यात वजन अधिक जाचते हे त्यावरून दिसतेच. पण तीन पौंड म्हणजे जेमतेम १.४ किलो, आणि स्प्रिंटचे निकाल तर मानेच्या, डोक्याच्या नाही तर नाकाच्या अंतराने लागतात. आपल्याकडे रेटिंगचा, म्हणजे घोड्याच्या कुवतीच्या मोजमापाचा, एक गुण म्हणजे अर्धा किलो. मागची शर्यत जिंकल्यामुळे सहा गुण वाढलेला घोडा पुढच्या वेळी त्याच प्रतिस्पर्ध्यांपुढे तीन किलो जास्त घेऊन उतरतो, म्हणजे कागदावर दोन लांबी मागून निघतो. तो मागच्या वेळी अर्ध्या लांबीने जिंकला असेल, तर त्याच्यावर आंधळेपणाने पैसे लावणाऱ्याला काय म्हणावे? वजन कमी होते म्हणून शिकाऊ जॉकीवर भाळणाऱ्यांनी मात्र दुसरी बाजूही पाहावी: दोन-तीन किलोंची सवलत गेटमधून निघतानाच्या एका अडखळण्यात संपून जाते.

आता मैदान. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर पाऊस लागला, तर शुक्रवारी लिहिलेली टिप रविवारी दुपारी शिळी झालेली असते. पेनेट्रोमीटरचा (जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा शर्यतीच्या दिवशीचाच पाहा; आकडा जेवढा मोठा, तेवढी जमीन मऊ. त्याच्या जोडीला फॉल्स रेल (सरकवता येणारा तात्पुरता आतला कठडा) कुठे आणि किती मीटर बाहेर घेतली आहे हे वाचा. आतल्या कठड्यालगतची पट्टी खूप धावून उखडलेली असेल, तर आतल्या ड्रॉचा (गेटमधल्या आतल्या कप्प्याचा) फायदा तिथेच आटतो. रेल बाहेर सरकवून ताजे गवत मिळाले असेल, तर तो परत येतो. पहिल्या दोन शर्यतींत जॉकी घोडे कुठून आणतात ते पाहून मगच तिसऱ्या शर्यतीचा विचार करावा, असे माझे मत आहे.

पॅडॉकचा_कठडा

पौंडांचा हिशेब मान्य. माझे वाक्य सैल होते. त्या ओल्या हवेतली पॅडॉकची (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेची) एक गोष्ट जोडतो. मानेवर थोडा घाम सगळ्यांनाच येतो. पण मागच्या मांड्यांच्या मध्ये साबणासारखा पांढरा फेस दिसला, मोतद्दाराला दोन्ही हातांनी लगाम धरून मागे रेलावे लागत असेल, तर घोडा आपली शर्यत तिथेच धावत असतो. लांब पल्ल्याचा घोडा असा तापला तरी पहिल्या वळणापर्यंत कधी कधी निवळतो. स्प्रिंटमध्ये निवळायला वेळच मिळत नाही.

टोटवाला

पैशांचेही एक वाक्य असू द्या. शर्यतीवर लावलेल्या पैजेवर ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. दहा हजारांवरच्या जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के टीडीएस कापला जातो, तो वेगळाच. एवढा कर सोसून दर शनिवारी सात-आठ शर्यती खेळणाऱ्याचे कौतुक करावे की काळजी, मला कळत नाही. स्प्रिंटमध्ये चार घोडे सारखेच वाटले, तर मी ती शर्यत फक्त पाहतो.

खडकीकर

सर्वांचे आभार. काल रात्री त्या घोडीच्या मागच्या चारही शर्यती पाहिल्या. तीनदा ती उशिरा निघाली आहे, दोनदा तर मान त्याच बाजूला, उजवीकडे वळलेली. तिची एकमेव जीत १४०० मीटरला आहे, आणि त्या दिवशीसुद्धा ती शेवटून दुसरी निघाली होती. फक्त वळणापर्यंत तिला सावरायला जागा मिळाली. हे सगळे माझ्यासमोर आधीपासून होते आणि मी ३७ हा आकडा धरून बसलो.

येत्या शनिवारी तिचे नाव पुन्हा १४०० मीटरला आहे, या वेळी दीड किलो कमी वजनावर आणि बाहेरच्या ड्रॉवरून. पॅडॉकमध्ये पाहून आल्याशिवाय पैसे लावण्याच्या खिडकीकडे जाणार नाही. तिला गेटमध्ये पहिल्यांदा घालतात की शेवटी, आणि आत गेल्यावर ती मान कुठे वळवते, हे दुर्बिणीतून दिसले तर इथे लिहीन.