लग्नाच्या काउन्सेलिंगवर थ्रिलर लिहितेय, गुपित कधी फोडू?

अबोली_ठाणे
नमस्कार मंडळी. बरेच महिने एक दीर्घकथा चालू आहे, आता तिची कादंबरीच होणार असं दिसतंय. नवरा-बायको, दोघं चाळिशीच्या आसपास, राहायला कासारवडवलीला, तो ऐरोलीला आयटीत, ती ठाण्यातच बँकेत. मोठं भांडण वगैरे काही नाही, नुसती शांतता, जेवताना टीव्ही चालू आणि दोघांचे मोबाईल टेबलावर पालथे. तिच्या आग्रहावरून दर शनिवारी नौपाड्यात एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर काउन्सेलर बाईंकडे जायला लागतात. नवऱ्याने खारघरला फ्लॅट भाड्याने घेऊन ठेवलाय आणि बायकोला ते माहीत नाही असं तो धरून चाललाय. तिला माहीत आहे. ती लग्न वाचवायला आलेलीच नाही, तिला फक्त तो बाईंसमोर काय काय बोलतो ते ऐकायचंय. आणि बाईही काहीतरी लपवतायत, ते काय हे माझंच अजून ठरत नाहीये.

खून, पाठलाग मला नकोय, पानागणिक छातीवरचं दडपण वाढत गेलं पाहिजे एवढंच. पण शंभर पानं फक्त खोलीत बसून बोलणं चाललंय म्हटल्यावर वाचक टिकेल का? फ्लॅटचं गुपित शेवटपर्यंत राखून ठेवू का? आणि काउन्सेलिंग खरंच कसं चालतं, बाईंवर कायद्याचं काय बंधन असतं, हे कोणी सांगेल का, कारण मला खोटं लिहायचं नाहीये.

नेरूळची_सुमेधा
अबोली, मी जोडप्यांसोबत काम करते म्हणून सांगते. तुला हवंय ते दडपण वेगळ्या सेशनमध्ये सापडेल. बरेच जण आधी दोघांना एकत्र भेटतात, मग एकेकाला वेगळं, मग पुन्हा एकत्र. वेगळं भेटायचं मोठं कारण म्हणजे घरात मारहाण, धाक असं काही आहे का हे दुसरा समोर नसताना विचारता यावं, कारण तसं असेल तर दोघांना समोरासमोर बसवणंच धोक्याचं असतं, तिथे बोललेल्याचा वचपा घरी गेल्यावर काढला जातो. आता ह्या वेगळ्या भेटीत त्याने खारघरचं सांगून टाकलं तर बाईंनी करायचं काय? म्हणून जाणते काउन्सेलर पहिल्याच दिवशी नियम सांगतात. काहींचा नियम असा की एकट्याने सांगितलेलं मी जोडीदारापासून लपवणार नाही, तुम्ही स्वतः सांगा, त्यासाठी वेळ देते, नाही सांगितलंत तर पुढे काम करता येणार नाही. काहींचं उलट, एकट्याचं एकट्यापाशीच राहील. तुझ्या बाई ह्यातलं काहीच बोलल्या नाहीत असं दाखव ना. मग पुढच्या शनिवारी दोघं समोर बसलेत आणि बायको अगदी साध्या आवाजात विचारते, "मॅडम, हा माझ्याशी खरं बोलतो का हो?" बाईंनी तेव्हा नुसता पाण्याचा ग्लास उचलला तरी वाचकाला धस्स होईल. मग शंभर पानांची काळजी करू नकोस.

संवाद लिहिताना आरडाओरडा कमी ठेव. अमेरिकेत जॉन गॉटमन ह्यांनी जोडप्यांच्या बोलण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात घटस्फोटाकडे जाण्याची सगळ्यात मोठी खूण त्यांना तुच्छतेत दिसली. म्हणजे "जाऊ दे मॅडम, त्याला नाही कळायचं" हे वाक्य हसत हसत म्हटलेलं. मी खोलीत ते ऐकलंय, अंगावर येतं.

अजून एक, आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते पण मॅरेज काउन्सेलर म्हणून पाटी लावायला वेगळा परवाना लागत नाही. मला स्वतःला ह्याचा फार त्रास होतो. बाईंची पदवी कोणी विचारलीच नाही, ह्यावर तुला बरंच काही उभं करता येईल.

कोर्टनाका_वकील
कायद्यापुरतं सांगतो. खाजगी काउन्सेलरला वकिलासारखं संरक्षण नाही, कोर्टाने बोलावलं तर जाऊन सांगावं लागू शकतं. फॅमिली कोर्टातले समुपदेशक वेगळे, १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्याखाली नेमलेले, त्यांच्यासमोर बोललेलं गोपनीय धरतात. तुमच्या नायिकेला पुरावाच हवा असेल तर ती आधी नौपाड्यात जाणार हे पटण्यासारखं आहे.

आणि रेकॉर्डिंगचं म्हणाल तर जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नवरा-बायकोने एकमेकांचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून घेता येतं. त्याआधी पंजाब-हरियाणा हायकोर्टाने उलट निकाल दिला होता. तेव्हा तो पालथा मोबाईल तुम्ही आधीच टेबलावर ठेवलाय, तो वापरा. कोणाचा चालू आहे ते वाचकाला कळू द्या, नवऱ्याला नको.

पनवेल_लोकल
गुपित शेवटपर्यंत ठेवू नका हो ताई प्लीज, वाचक म्हणून सांगतो. फ्लॅट आहे हे पहिल्या वीस पानांतच सांगून टाका. तो तिथे जाऊन करतो काय, ते राखून ठेवा. दुसरी बाई असेल तर मी पुस्तक मिटेन, ते सगळ्यांना सुचतं. मला वाटतं तो तिथे काहीच करत नाही. एक खुर्ची, एक पंखा, आणि दोन तास नुसता बसून परत येतो. बायको दुसरी बाई एक वेळ समजून घेईल पण आपल्यापासून लांब बसता यावं म्हणून हा माणूस महिन्याच्या महिन्याला भाडं भरतोय हे कसं पचवेल?

तिला कळतं कसं तेही आपल्या इकडचंच घ्या. ऐरोली आणि खारघर दोन्ही ठाणे-पनवेल लाइनवर, त्याला फक्त ऐरोलीला उतरायचं नाही एवढंच करायचंय. पण पासवर स्टेशन छापलेलं असतं. पँट धुवायला टाकताना खिशात पास सापडतो, ठाणे ते खारघर, आणि ती तो परत खिशात सारून ठेवते. गाडी आणि टोलच्या मेसेजवर जाणार असाल तर काळ सांभाळा, ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली टोलला छोट्या गाड्यांना माफी आहे, त्याआधीची गोष्ट असेल तरच ४५ रुपये कटल्याचा मेसेज चालेल.

अबोली_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार, पनवेल_लोकल तुमची खुर्ची मी घेतेय, आणि पासही. सुमेधाताई, ग्लासचा प्रसंग काल रात्रीच लिहून काढला, झोप नाही लागली नंतर.

वाचता वाचता बाईंचंही सुचलं. भाड्याचा करार रजिस्टर करावाच लागतो ना, मग बायको इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा सरकारी उतारा, काढून बघते, आणि घरमालक म्हणून नाव असतं ह्याच बाईंचं. म्हणजे शेकडो काउन्सेलर सोडून ती ह्यांच्याकडेच का आली, ते तिथे उलगडतं. फ्लॅटचा व्यवहार एजंटने केला, त्यामुळे नवऱ्याने बाईंना कधी पाहिलेलंच नाही, असं ठेवणार आहे. वकीलसाहेब, हे कागदावर बसतं का?

कोर्टनाका_वकील
नोंदणी सक्तीची आहेच, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. इंडेक्स टूवर दोन्ही बाजूंची नावं येतात, तेवढं बसतं. पण ऑनलाइन करारात घरमालक आणि भाडेकरू दोघांचे फोटो आणि अंगठे असतात, आणि त्याची प्रत दोघांकडे जाते. पाहिलेलंच नाही हे नाही चालणार. पहिल्या शनिवारी दार उघडलं तेव्हाच तो बाईंना ओळखतो आणि बाई त्याला ओळखतात, आणि दोघंही "नमस्कार, बसा" एवढंच बोलतात, असं करावं लागेल.